कोरं नाक

१

साबणाच्या कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. भिंतींना पांढऱ्या फरशा, छताला हवा खेचणारा पंखा, मधोमध लांब टेबल, आणि टेबलाभोवती चार माणसं दिवसभर हुंगत बसलेली. बाहेरच्या कुणी दार उघडून पाहिलं असतं तर माणसांवर ही काय पाळी आली, असंच त्याला वाटलं असतं. पण ती माणसं पगार घेऊन हुंगत, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय खालून एक वडीसुद्धा कारखान्याबाहेर पडत नसे.

त्या चौघांत सर्वांत जुना नाकराव. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. नाक तसं बेताचंच होतं, कुणी वळून पाहावं असं त्यात काही नव्हतं. पण तेलाच्या पिंपांच्या रांगेतून चालत जाऊन खवट झालेलं पिंप तो झाकण न उघडता दाखवी. या गुणाबद्दल कंपनीनं त्याला एकदा भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते महिन्याभरात बंद पडलं. नाकरावानं ते भिंतीवरच ठेवलं, कारण सन्मान चालूच असायला हवा असं काही नसतं.

या कामाची एक रीत होती. नाक लवकर शिणतं. एक वडी हुंगली की दुसरीला तिचाच वास येऊ लागतो. म्हणून प्रत्येक वडीनंतर परीक्षकानं कोपर दुमडायचं, बाहीच्या आतल्या वळणात नाक खुपसायचं आणि सावकाश श्वास घ्यायचे. आपल्या कपड्याचा, आपल्या अंगाचा वास म्हणजे नाकाचं शून्य. तिथं जाऊन आलं की पाटी पुसली जाते. खोलीत याला ‘नाक कोरं करणं’ म्हणत. नाकरावाला ही सवय इतकी जडली होती की तो बसमध्ये, दुकानात, लग्नाच्या जेवणातही मधेच कोपरात तोंड घालून बसे. नव्या ओळखीच्या माणसांना वाटे, बिचारा रडतोय.

एकदा मात्र या रीतीनंच त्याला दगा दिला. एका घाण्यातली चरबी बिघडलेली होती. त्याच घाण्यातल्या काही वड्या आदल्या दिवशी नाकरावानं नमुना म्हणून घरी नेल्या होत्या, आणि बायकोनं त्यांतल्या एकीनं त्याचा शर्ट धुतला होता. सकाळी तो बाहीत नाक घालून कोरा झाला, वडी हुंगली, आणि बिनघोर मान हलवली. माल बाजारात गेला. पुढं कित्येक दिवस गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगाला शिळ्या तेलाचा वास येत होता आणि आया पोरांनाच बडवत होत्या.

साहेब ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “नाकराव, जे तुमच्या बाहीलाच लागलंय, ते तुम्हाला उभ्या जगात कुठं सापडायचं नाही.”

तेव्हापासून बायको त्याचे शर्ट नुसत्या उकळत्या पाण्यातून काढी, आणि कडक इस्त्री करून देई.

२

मग त्याच्या डोक्याला मार लागला.

तो दिवस त्याला संध्याकाळपर्यंत नीट आठवत होता. घरी आला, दारात बूट काढले, चहा मागितला. चहा गार होता. त्यापुढं इस्पितळाचं छत. मधला भाग कापून काढावा तसा नाहीसा झालेला. बायको म्हणाली, तुम्ही न्हाणीघरात पाय घसरून पडलात.

पट्टी निघाली, टाके निघाले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की जगाला वास राहिलेला नाही. चहा म्हणजे गरम पाणी, कांदा म्हणजे नुसती कुरकुर. ज्या माणसाला त्याच्या नाकावरच पगार मिळतो त्याच्या दृष्टीनं हा मृत्यूच, फक्त रजेच्या अर्जासह.

नाकाच्या डॉक्टरलाच सर्दी झाली होती. पण माणूस बोलका होता. त्यानं समजावून सांगितलं, की नाकाच्या अगदी वर, छताशी, टपाल तिकिटाएवढी एक जागा असते. तिथं लाखो मज्जापेशी खाली डोकं करून लोंबकळत असतात. त्यांच्या टोकाला बारीक केस, ते नाकातल्या ओलाव्यात बुडालेले. प्रत्येक पेशीकडे एकाच जातीचं कुलूप, आणि अशी कुलपं माणसात चारेकशे जातींची. हवेतला कण ओलाव्यात विरघळतो, किल्लीसारखा काही कुलपांत फिरतो, आणि कुठली कुलपं उघडली त्यावरून मेंदू म्हणतो, हा मोगरा, हे डांबर. या पेशींच्या दोऱ्या वरच्या हाडातून मेंदूत शिरतात. त्या हाडाला चाळणीसारखी भोकं असतात. डोकं जोरात हललं की मेंदू सरकतो आणि चाळणीवर दोऱ्या कापल्या जातात, विळीवर धरल्यासारख्या.

“घाबरू नका,” डॉक्टर नाक पुसत म्हणाला. “शरीरात जन्मभर नव्यानं उगवत राहणाऱ्या मज्जापेशी फार थोड्या, त्यांतल्या या. जुन्या मरतात, खालून नव्या येतात, दोऱ्या पुन्हा भोकांतून वर जातात. फक्त कधीकधी चुकीच्या जागी जोडल्या जातात. मग गुलाबाला जळक्या रबराचा वास येतो. काहींना तर असा वास येतो, जो बाहेर कुठं नसतोच.”

नाकरावानं विचारलं, म्हणजे खोटा वास कळायचा कसा. डॉक्टर म्हणाला, खरा वास म्हणजे त्या वस्तूचा कण तुमच्या आत शिरलेला असतो. एवढाच फरक, आणि तो तुम्हाला आतून कळत नाही. शिवाय खराही वास सतत येत राहिला की पेशी कंटाळतात, आणि मेंदूही. किल्ली फिरत राहते, पण वर कुणी दार उघडायला येत नाही. म्हणून तर आपल्या घराचा वास पाहुण्यांना येतो, आपल्याला नाही.

जाताना डॉक्टरनं त्याचं डोकं चाचपलं. मार मागच्या बाजूला बसला होता आणि खूण टोकदार होती. घसरलेला माणूस असा पडतो का, असं त्यानं जरा मोठ्यानंच स्वतःला विचारलं. बायको खिडकीबाहेर पाहत म्हणाली, फरशी ओली होती. ओल्या फरशीशी कोण वाद घालणार. तिथंच ते मिटलं.

३

रजेवर घरात बसलेल्या माणसाला स्वतःचं घर प्रथमच दिसतं.

इस्त्रीच्या खोलीच्या दाराची आतली कडी एकाच स्क्रूवर लोंबत होती. बाकीच्या स्क्रूंच्या जागी लाकूड चिरलेलं होतं, दार बाहेरून कुणी ढकलल्यासारखं. स्वयंपाकघरातल्या भिंतीचा गिलावा एका जागी खोलगट झाला होता, साधारण बायकोच्या डोक्याच्या उंचीवर. इस्त्रीची मूठ तडकलेली, तिला दोरा गुंडाळलेला, आणि तिचं टोक किंचित वाकडं. त्यानं एकेक करून विचारलं. कडी जुनी झाली, गिलावा ओल धरतो, इस्त्री पडली, असं तिनं एकेक करून सांगितलं. या घरात बऱ्याच गोष्टी पडतात, असा नाकरावानं निष्कर्ष काढला.

तो स्वतःला शांत माणूस समजे. आवाज चढायचा, पण चढलेल्या आवाजाला हात नसतात. फार तर एखादी बशी जायची. बशा काही जन्माला पुरायच्या नसतात.

नाक परतलं ते वेड्यासारखं. आधी सगळ्याला ओल्या रंगाचा वास. मग चहाला जळकं रबर, आणि डॉक्टर खोटं बोलला नाही म्हणून नाकरावाला जरा बरंही वाटलं. हळूहळू एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. कांदा कांद्यावर आला, साबण साबणावर. कारखान्यानं त्याची परीक्षा घेतली आणि त्याला पुन्हा टेबलाशी बसवलं. शेजारच्या खुर्चीवर हुंगणारी, त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान असलेली छोटीबाई त्याची खुर्ची फडक्यानं पुसून ठेवायला विसरली नव्हती. खोलीत ती एकटीच त्याला काका म्हणे.

सगळे वास परतले. एक मात्र जास्तीचा आला.

४

तो प्रथम भेटला कारखान्याच्या उपाहारगृहात. यंत्रशाळेचा मिस्त्री आणि फोरमन चहाच्या बाकाशी उभे होते. गळक्या झडपेवरून काहीतरी चाललं होतं, पण हळू आवाजात, रोजच्यासारखं. फोरमन साखर घ्यायला नाकरावाकडे वाकला आणि त्याच्याबरोबर तो वास आला.

गरम लोखंडावर कुणी ओले केस धरावेत तसा. त्याच्या मागं घाम, आणि त्याच्याही मागं जिभेवर नाणं ठेवल्याची चव. नाकराव दचकून मागं सरला. त्यानं कोपरात नाक घातलं, कोरा झाला, पुन्हा हुंगलं. वास जरा फिकटला, पण होताच.

चहा संपायच्या आत मिस्त्रीनं खिशातला मोठा पाना काढला आणि फोरमनच्या जबड्यावर घातला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. फोरमन अजून उभाच होता, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. दुसरा घाव कानावर बसला. तिसऱ्याला तो बाकावर आडवा झाला, तरी मिस्त्री मारतच होता. एका लयीत, न रागावता, अडकलेलं चाक सोडवावं तसा. चौघांनी त्याला ओढलं तेव्हा त्यानं पाना स्वतःच बाजूला ठेवला आणि हात पुसायला फडकं मागितलं. नाकरावाच्या कपात फोरमनचा दात पडला होता.

वास गेला होता. हवा अगदी साफ होती. रक्ताचा वास येत होता, पण तो निराळा, ओळखीचा, प्रामाणिक.

नाकरावानं हिशेब मांडला, की ज्याच्यावर घाव पडायचा असतो त्याच्या अंगाला हा वास येत असावा. मग त्यानं स्वतःलाच दटावलं. चुकीच्या जागी जोडलेल्या दोऱ्या, दुसरं काही नाही. पण औषधाच्या दुकानातल्या रांगेत तोच वास पुन्हा आला, पुढच्या म्हाताऱ्याच्या कोटातून. म्हातारा स्वच्छ, टापटिपीचा, हातात छत्री. नाकरावानं धीर करून त्याला हळूच सांगितलं, आजोबा, आज जरा जपून राहा. म्हाताऱ्यानं फार अदबीनं आभार मानले. मग त्याची पाळी आली, गोळ्या चुकीच्या निघाल्या, आणि म्हाताऱ्यानं छत्रीचं टोक दुकानातल्या नोकराच्या डोळ्यात खुपसलं.

नुसतं खुपसलं नाही, फिरवलं. नोकराची किंकाळी चढत गेली आणि मधेच तुटली. म्हाताऱ्यानं टोक रुमालानं पुसलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. नाकराव त्याच्या जवळून गेला. कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता. दुसरं काही नाही.

म्हणजे हिशेब उलटा होता. वास मार खाणाऱ्याला नव्हता, फोरमनच्या मागं उभ्या मिस्त्रीला, म्हणजे मारणाऱ्याला होता. त्याला स्वतःला कळायच्या आधी तो त्याच्या अंगातून सुटायचा, आणि काम झालं की जायचा.

५

हे त्यानं फक्त छोटीबाईला सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, आमच्यातल्या कुणाला येतोय का ते तरी बघा. नाकरावानं ते फार गंभीरपणे केलं. कोपर दुमडलं, कोरा झाला, आणि मग टेबलाभोवती फिरून एकेकाच्या खांद्याशी हुंगलं. काही नाही. तिघंही निर्दोष.

“चला, जीव वाचला,” छोटीबाई म्हणाली. मग तिची नजर त्याच्या हातावर गेली. “काका, बोटांना काय झालं?”

उजव्या हाताच्या बोटांची पेरं सोलवटलेली होती. नाकरावानं पाहिलं. दाराला लागलं असेल, असं तो म्हणाला, आणि त्याला ते पटलंही. त्या दिवसानंतर छोटीबाईची खुर्ची टेबलाच्या पलीकडे गेली. पंख्याचा वारा लागतो म्हणाली.

बाहेर जग कसंही असो, घर स्वच्छ होतं, हाच त्याचा मोठा आधार. रोज संध्याकाळी उंबऱ्याशी तो थांबे, बाहीत नाक कोरं करी आणि आत जाऊन खोली खोली हुंगे. वाफ, भांड्यांची राख, इस्त्रीचे कपडे. बायको कोपऱ्यात उभी राहून त्याचं हुंगणं संपायची वाट पाही. तो समाधानानं मान हलवी, वडी पास केल्यासारखी. ती तेव्हा कुठं श्वास सोडी. आपल्या नाकावर तिचा एवढा विश्वास आहे, याचं त्याला कौतुक वाटे.

त्याच्या मनात आता एकच गोष्ट होती. कधी ना कधी हा वास या घरात शिरेल, आणि त्या दिवशी तिला वाचवायचं. नाक परत मिळालं ते याचसाठी, अशी त्याची खात्री होत चालली होती.

६

मेहुणा आला त्याच दिवशी कारखान्यानं परीक्षकांना नवे शर्ट दिले.

शर्ट कोरे करकरीत, खळीनं ताठ. नाकरावानं तो खोलीतच चढवला, जुना पिशवीत टाकला, सवयीनं नव्या बाहीत नाक घातलं, आणि डोकं वर केलं तर समोर तो वास. त्यानं तिघांकडे पाहिलं. तिघं खाली माना घालून हुंगत होते. जिन्यात वास. बसमध्ये वास, त्यानं दोनदा जागा बदलली तरी वास. इतके मारेकरी गावात एकदम कुठून आले, या विचारानं तो घामाघूम झाला. आणि घराचं दार उघडलं तेव्हा वास असा अंगावर आला की त्याला चौकट धरावी लागली.

आत मेहुणा बसला होता.

दोन गोष्टी एका दिवशी घडल्या की माणूस पाहुण्यावर संशय घेतो, शर्टावर नाही.

मेहुणा घड्याळं दुरुस्त करी. अंगानं काडी, बोटं बायकांसारखी नाजूक, भिंग कायम कपाळावर चढवलेलं. त्यानं आल्या आल्या भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवून उघडलं होतं. भावोजी, यात नुसता केर अडकलाय, असं तो म्हणाला. नाकरावाला त्याची मान दिसत होती, आणि ती किती बारीक आहे हा विचार त्याच्या मनात उगीचच येऊन गेला.

मेहुणा आंघोळीला गेला तेव्हा नाकरावानं त्याचा कोट हुंगला. तंबाखू आणि यंत्रातलं तेल. आश्चर्य आहे, त्यानं स्वतःशी म्हटलं. पण वास कापडाला धरत नसेल. मग त्यानं बायकोला जवळ बोलावून हुंगलं. केसांना साधा वास. मनगटाशी मात्र तो होता. मनगटावर चार बोटांच्या निळ्या खुणा होत्या, रुंद, गड्याच्या बोटांच्या.

“कुणी धरलं होतं?”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेचा अर्थ त्याला लावता येईना. मग ती म्हणाली, दारात अडकला हात.

त्यानं मेहुण्याच्या नाजूक बोटांकडे पाहिलं. खुणा जुळत नव्हत्या. पण बोटं फसवी असतात. म्हाताऱ्याची छत्री असं काही करील, हे तरी कुणाला खरं वाटलं असतं.

जेवताना मेहुणा सहज म्हणाला की ताईला थोडे दिवस घेऊन जातो, हवापालट होईल. नाकराव नको म्हणाला. मेहुणा पुन्हा म्हणाला. त्यानंतर टेबलावरची बशी भिंतीवर गेली ती कुणाच्या हातून, हे नाकरावाला नीट दिसलं नाही. बायको तुकडे वेचू लागली. मेहुण्याचे हात थरथरत होते. बघा, नाकरावानं मनात म्हटलं. हातच सांगतात.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी वास सहन होईना. टेबलावरच्या प्रत्येक वडीला तो होता. नाकरावानं ओळीनं सगळ्या नापास केल्या. छोटीबाई उठून साहेबांना बोलवायला गेली. तेवढ्यात तो खाली उतरला. वड्या साच्यातून सोडवायचा लाकडी हातोडा जिन्याशी पडला होता. तो त्यानं उचलला, कुणी विचारलं नाही. कारखान्यात हातात काहीतरी घेऊन चाललेला माणूस कामातच असतो.

रस्ता उन्हानं पांढरा पडला होता. वास त्याच्या बरोबर चालत होता, एका पावलानं पुढं, एका पावलानं मागं.

घराचं दार उघडं. पुढच्या खोलीत बायकोची बॅग, आणि मेहुणा गुडघ्यांवर बसून तिचा पट्टा आवळत होता. त्याच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, टक टक, चांगलं चालत होतं. मेहुण्यानं मान वळवली.

“भावोजी, तुम्ही एवढ्या लवकर…”

पहिला घाव कपाळावर बसला, भिंगावर. काच आत गेली. मेहुण्यानं दोन्ही हात वर धरले आणि नाकरावानं ते हात मोडले, एक, मग दुसरा. बोटं आधी वाकली आणि मग वाकायची बंद झाली. लाकडाला लोखंडाचं वजन नसतं, म्हणून पुन्हा पुन्हा मारावं लागलं. मेहुणा बॅगेवर पडला. त्याचे पाय थोडा वेळ फरशी घासत राहिले, दार कुठं आहे ते पायांना आठवत असल्यासारखे. मग घासायचे थांबले. नाकरावाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. तो धापा टाकत उभा राहिला आणि वास जायची वाट पाहू लागला.

वास गेला नाही.

वाढला. इतका की डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं खाली वाकून मेहुण्याला हुंगलं. तंबाखू, यंत्रातलं तेल, रक्त. याला तर तो वास कधी नव्हताच, असं त्याच्या नाकानं त्याला सांगितलं. शांतपणे, वर्षानुवर्षं सांगत आल्यासारखं.

तो वासामागं निघाला. स्वयंपाकघर, गिलाव्याचा खळगा, मग इस्त्रीची खोली. दार आतून लावलेलं. तो दाराजवळ गेला तसा वास अधिक झाला, आणि तो थांबला तेव्हा वासही थांबला. हे त्याच्या लक्षात आलं. नंतर त्यावर विचार करायचं त्यानं ठरवलं.

“अहो, तिथंच थांबा,” आतून बायको म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “माझी शपथ आहे. हात धुऊन या आधी.”

दाराच्या फटीतून एक पट्टी दिसत होती. त्या पट्टीत ती उभी होती, दोन्ही हातांनी इस्त्री धरून, खांद्याच्या मागं उचललेली. इस्त्री तापलेली होती; तिच्यावरची हवा थरथरत होती. ती अशी उभी त्यानं पूर्वी पाहिली होती. याच खोलीत, जवळून, फार जवळून. तेव्हा त्याच्या मुठीत काहीतरी होतं, ओलं, नुकतं न्हालेलं, लांब. तो वळला होता. दार लावून घ्यायला. आणि मग मागून…

पट्टी तिथंच संपत होती. त्यानं आणखी पाहायचा प्रयत्न केला नाही.

इतकी वर्षं काम केलेला माणूस शिणलेल्या नाकानं निकाल देत नाही. नाकरावानं हातोडा डाव्या हातात घेतला, उजवं कोपर दुमडलं आणि बाहीच्या वळणात नाक खुपसलं. शर्ट आता नवा राहिला नव्हता. कालचा आणि आजचा घाम त्यात मुरला होता, बाही पुरती त्याच्या अंगाची झाली होती. त्यानं सावकाश श्वास घेतला. मग आणखी एक. आणखी एक.

डोकं वर केलं.

वास नव्हता. कुठंच नव्हता. ना दाराशी, ना हवेत. नाकरावाच्या छातीवरचं ओझं उतरलं. सगळं निभावलं होतं, ती सुरक्षित होती.

“उघड आता,” तो प्रेमानं म्हणाला. “काही भीती नाही. मी बघितलंय.”

बाहेरच्या खोलीत घड्याळ टकटकत होतं. त्यानं जरा वाट पाहिली, मग खांदा दाराला लावला. कडीचा एकुलता स्क्रू लाकडातून निसटला आणि फरशीवर टणटणत गेला, आणि दाराआडून इस्त्रीच्या कपड्यांचा ऊबदार, स्वच्छ वास आला.